पलीकडचा हात

१

"पोरगी गुणाची आहे गं, पण आपल्या घरातली वाटतच नाही अजून. साध्या खुणासुद्धा शिकली नाही."

हे माझ्यासाठी नव्हतं. सासूबाई स्वयंपाकघरात वर्षालीताईंच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, कानात सांगत होत्या. पण आमच्या घरात कानात सांगितलेलं चार मजले खाली पार्किंगपर्यंत जातं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हातातला टॉवेल मुद्दाम जोरात झटकला, म्हणजे मला काही ऐकू आलं नाही असं त्यांना वाटावं.

"आई, पाच तर महिने झालेत," वर्षालीताई म्हणाल्या. "तिचं तोंड उघडायलाच वर्ष जाईल."

"तोवर मी म्हातारी होईन."

"व्हायची काय राहिलीयस?"

दोघी हसल्या. मलाही हसू आलं, पण मी ते टॉवेलात ठेवलं.

खुणांचं सांगायला हवं. माझे सासरे अर्जुनराव तरुणपणी बीडकडून इकडे आले आणि भोसरीतल्या एका कारखान्यात हॅमरवर लागले. लालभडक लोखंड सांडशीत धरायचं आणि वरून घण पाडायचा. तिथे माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही, म्हणून सगळा कारभार हातांनी. हात छातीकडे ओढला की 'ये'. तळवा समोर धरला की 'थांब'. तळवा खाली दाबला की 'बस'. अंगठा ओठांशी नेला की चहा. निवृत्तीपर्यंत बाबांचे कान गेले. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्याच्या आधीच गेलं होतं. खुणा तेवढ्या सोबत घरी आल्या आणि राहिल्या. बाबांना ऐकू जावं म्हणून घरातले सगळे मोठ्यानं बोलतात, आणि बोलून दमले की हात चालवतात.

गंमत अशी की खूण करताना सगळे ती दोन बोटं मुडपतात. माझा नवरा निरंजन मुडपतो, सासूबाई मुडपतात, वर्षालीताईंची मुलं, आठ वर्षांचा समर्थ आणि पाच वर्षांची दिव्या, तीही मुडपतात. पोरांना वाटतं, खूण अशीच असते.

आणि बाबांचा एक नियम आहे. खूण दिसली की आधी करायचं, मग विचारायचं. "हॅमरखाली 'का' म्हणाला त्याची बोटं गेली," असं म्हणून ते स्वतःचा हात दाखवतात. मग तुम्ही 'का' म्हणाला होतात का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

मी खुणा शिकले नव्हते हे मात्र खोटं होतं. लग्नाच्या तिसऱ्या आठवड्यातच मला सगळ्या कळत होत्या. लग्नाआधी वर्षभर मी एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसायचे. ट्रेभर सारख्या दिसणाऱ्या पार्टांमधला एक वाकडा वेचायचा, एवढंच काम. बघण्याची सवय लागते. पण माझं माहेर वाईचं. तिथे मोठ्यांसमोर हातवारे केले की आजी म्हणायची, "देवानं तोंड दिलंय ना?" सासऱ्यांना तळवा दाखवून थांबवायचं हे माझ्या हाताला जमेना. तोंड होतं, पण ते या घरात पोचेल एवढं मोठं नव्हतं. माझं नाव करिष्मा. तो अजून कुणी पाहिला नव्हता.

२

आमच्याकडे रविवार गुरुवारी येतो. कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून सहलीही गुरुवारी. शाळेच्या दृष्टीनं समर्थ आणि दिव्या दोघांना त्या दिवशी एकदम ताप आला होता. गाडीत बसताना तो उतरला.

दिवाळी होऊन गेली होती. नद्यांना अजून पाणी होतं आणि हवेत कोरडेपणा आला होता. चिखलीतून निघालो ते चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे कांद्याच्या ट्रकांमागे अडकलो. बाबा पुढच्या सीटवर होते. त्यांनी काच खाली केली, हात बाहेर काढून शेजारच्या ट्रकवाल्याला तळवा दाखवला. ट्रकवाला खरंच थांबला. निरंजननं गाडी पुढे घुसवली.

"बघ," सासूबाई मला म्हणाल्या, "ट्रकवाल्याला पण कळतात."

मी हसून मान डोलावली. बोलणं होतं माझ्यासाठी, सांगितलं ट्रकच्या तोंडून.

"आजोबा, तिथं मगर असते?" समर्थनं मागून ओरडून विचारलं.

"असती की," बाबा म्हणाले. "पण आज बेस्तरवार. तिला बी सुट्टी."

आम्ही चाललो होतो रांजणखडकला. चाकण सोडून खेडच्या डोंगरांकडे वळलं की एका आडवाटेला नदी काळ्या खडकावरून वाहते. वर्षानुवर्षं पाण्यात गोटे गरगरून त्या खडकाला गोल खळगे पडलेत, अगदी घडवल्यासारखे. काही गुडघ्याएवढे. काहींचा तळ दिसत नाही. आणि खळगे संपतात तिथे सगळी नदी एका अरुंद कपारीत शिरते आणि खाली कोसळते. निरंजन लहानपणापासून तिथे जात होता. मी पहिल्यांदाच.

"रविवारी पाय ठेवायला जागा नसते," तो म्हणाला. "आज बघ, अख्खी नदी आपली."

ते खरं निघालं. कणसाची गाडी ताडपत्री गुंडाळून उभी होती. भेळवाल्याच्या बाकड्यावर एक कुत्रं झोपलं होतं. आमची गाडी थांबली तरी त्यानं डोळा उघडला नाही. गावातलंही कोणी दिसलं नाही.

३

खडकावर पोचलो आणि आवाज अंगावर आला. आवाज म्हणजे गडगडाट नव्हे. एकसारखा, जाड, न थांबणारा. शेजारी उभ्या माणसाचे ओठ हलताना दिसायचे आणि काही यायचं नाही.

बाबांचा चेहरा मात्र उजळला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. ते एका उंच धोंड्यावर बसले, पंचा गळ्यात टाकला आणि चौफेर नजर फिरवली, जणू शिफ्ट त्यांच्या ताब्यात आली. मला थोड्या वेळानं उमगलं. इथे सगळेच बहिरे होते. आज एकटे बाबाच तयारीचे होते.

त्यांनी हात चालवायला सुरुवात केली. सतरंजी इकडे. डबे सावलीत. पोरांनो, त्या खळग्याच्या पुढे नाही. कपारीकडे बोट करून तळवा: तिकडे बिलकूल नाही. आणि आमचं गोंगाटी घर एकदम शिस्तीत आलं. कोणी कोणावर ओरडेना. सासूबाई इतक्या गोड हात चालवत होत्या की मला त्या तरुणपणी कशा असतील ते दिसलं. मी सतरंजीच्या टोकाला बसले, धपाटे आणि दह्याचा डबा उघडला आणि बघत राहिले.

पोरं जवळच्या उथळ खळग्यात बेडूकमासे बघत होती. बाबांनी त्यांना हात छातीकडे ओढून बोलावलं: या, जेवायला. दोघं धावत आली.

तेव्हा मला पलीकडे तो दिसला.

कपारीच्या पलीकडच्या काठावर खडकाची एक छपरी पुढे आली होती आणि तिच्याखाली गडद सावली होती. उन्हातून सावलीत बघताना दिसतं तेवढंच दिसलं. कोणीतरी बसलं होतं. बाबांसारखंच, गुडघे वर घेऊन. आणि पोरं सतरंजीवर येऊन धपाट्याचा पहिला घास घेऊनही झाला, तेव्हा कुठे त्यानं हात उचलला आणि छातीकडे ओढला.

ये.

मला हसू आलं. असेल गावातला कोणी टारगट. सात शहरी माणसं हातवारे करताना बघितली तर कोणीही नक्कल करेल. मी केली असती, मनातल्या मनात.

४

सासूबाईंनी दिव्याला डोक्यावर दोनदा थाप मारून दाखवलं: टोपी घाल. मी मुद्दाम पलीकडे बघितलं. जरा वेळानं त्यानंही डोक्यावर थाप मारली. एकदा. दोनदा.

वर्षालीताईंनी समर्थला दही वाढू का विचारलं, हातानंच. पलीकडे तोच हात, लगेच पाठोपाठ.

मग निरंजननं सगळ्यांना फोटोसाठी जवळ सरका अशी खूण केली, दोन्ही हात हवेत एकमेकांकडे आणत. पलीकडचे हात त्याच्या बरोबरीनं आले. मागून नव्हे. बरोबर.

मी निरंजनचा दंड धरला. "निरंजन, तिकडे बघ ना. कोणीतरी आपली नक्कल करतंय."

"आं?"

"तिकडे! कोणीतरी बसलंय!"

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, हसला, मान डोलावली आणि ओठांवरून मला वाचता आलं तेवढं असं: "हो हो, मस्त आहे!" आणि फोटो काढला.

मी स्वतःला समजावू लागले. मला हे चांगलं जमतं, लग्नानंतर सराव झालाय. खडक ओला आहे, काळा आहे, ओला काळा खडक आरशासारखा चमकतो. आपलंच प्रतिबिंब असेल, पाण्याच्या तुषारांतून हलणारं. हे पटलं सुद्धा. फक्त मगाशी त्याला उशीर झाला होता. प्रतिबिंबाला उशीर होत नाही.

मग माझी नजर त्याच्या हातावर खिळली. पहिल्या वेळी पंजा पुरता उघडा होता, पाची बोटं, कुणाचीही असतात तशी. आता शेवटची दोन मुडपलेली होती. टेबलावर वर्षभर बसलेल्या माणसाला हे दिसतं, आणि दिसलं की मग दुसरं काही दिसत नाही. एवढ्या अंतरावरून, एवढ्या तुषारांतून, कोण्या टारगटाला आमच्या घराची मुडपलेली बोटं दिसली होती?

मी धपाटं खाली ठेवलं.

५

बाबा ताटलीतलं शेवटचं दही बोटानं पुसत होते. मान खाली. दोन्ही हात गुंतलेले. पलीकडे सावलीत एक हात वर गेला आणि अंगठा ओठांशी टेकला.

चहा.

मी बाबांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, नको, नको, बाबा, आज चहा नको. बाबांनी बोट चाटलं, ताटली बाजूला ठेवली, सासूबाईंकडे पाहिलं आणि अंगठा ओठांशी नेला.

सासूबाईंनी थर्मास काढला.

ऊन तसंच होतं. सतरंजीवर मुंग्या तशाच धपाट्याच्या तुकड्याकडे चालल्या होत्या. दिव्या टोपी उलटी घालून सगळ्यांना दाखवत होती. आणि मी पलीकडे बघत होते, कारण न बघणं आता जमत नव्हतं.

पलीकडे हातानं कपाळावरून घाम पुसल्यासारखं केलं. इकडे सासूबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. म्हणजे खुणाच असं नव्हे. आमचं काहीही. तो आम्हाला शिकत होता, आणि शिकून आमच्या पुढे गेला होता. आधी मागून. मग बरोबर. आता आधी.

निरंजन, बाबा, आई, ताई, दिव्या. मी एकेकाकडे बघत होते, पुढे कोणाची पाळी म्हणून.

पलीकडचा हात उचलला गेला आणि छातीकडे ओढला गेला. सावकाश. प्रेमानं म्हणावं असा. ये.

मी वाट पाहिली. आता कोण हाक मारणार? बाबा चहाचा कप फुंकत होते. सासूबाई झाकण शोधत होत्या. निरंजन वर्षालीताईंना फोटो दाखवत होता. कोणीही कोणाला बोलावलं नाही.

पुन्हा. ये.

तेव्हा मला कळलं की तो हात आमच्या सतरंजीकडे नव्हताच. मी त्याच्या रोखानं नजर खाली आणली.

समर्थ.

६

तो खळग्यांच्या मधल्या खडकावर उभा होता, बेडूकमाशांपासून पार पुढे, बाबांनी तळवा दाखवला होता त्याच्याही पुढे. पाठ आमच्याकडे. तोंड पलीकडे. आणि शहाण्या मुलासारखा, आपल्या आजोबांच्या नातवासारखा, तो खूण पाळत होता. आधी करायचं, मग विचारायचं. एक पाऊल. मग खळग्याच्या कडेवरून तोल सावरत दुसरं. त्याच्यापुढे खडक शेवाळ्यानं हिरवा झाला होता आणि उतरत कपारीत गेला होता.

"समर्थ!"

मी ओरडले. खरंच ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. हातभर अंतरावर बसलेल्या सासूबाईंनी वरसुद्धा पाहिलं नाही.

मी धावले. दुसऱ्याच खळग्यापाशी पाय घसरला आणि गुडघा खडकावर आपटला. उठले तेव्हा समर्थ आणखी पुढे होता आणि मला दिसत होतं की मी पोचणार नाही. मागे वळून निरंजनला हात केला तरी तो पोचणार नव्हता. समर्थनं एकदा वळून बघितलं असतं तरी पुरे होतं. पण तो का वळेल? त्याला बोलावणारा समोर होता. तो फक्त तिकडे बघत होता.

फक्त तिकडे.

पुढचं मी विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. पण मागाहून जुळवलं तर ते असं होतं. तो आमचं सगळं करतो. ज्यांना तो शिकलाय त्यांच्या आधी करतो. मला तो शिकलेला नाही. कारण मी आजवर या घरात एकही खूण केलेली नाही.

मी उभी राहिले आणि हात उचलला. समर्थकडे नव्हे. पलीकडे. तळवा त्याच्यासमोर धरला.

थांब.

काही झालं नाही. त्याचा हात ओढतच होता. ये, ये. समर्थचा एक पाय हिरव्या खडकावर पडला. मी हात हलवला नाही. खांदा भरून आला तरी नाही. पहिल्या वेळी उशीर लागतो, मी स्वतःला सांगत होते, आठव, पोरांचा घास खाऊन झाला तेव्हा कुठे त्यानं हात उचलला होता. पहिल्या वेळी उशीर लागतो. आणि नुसती उभी असताना माझं लक्ष माझ्याच हाताकडे गेलं. शेवटची दोन बोटं मुडपलेली होती. मी कधी मुडपली मला माहीत नाही.

पलीकडचा हात मध्येच थबकला. छातीपाशी, अर्धवट. जणू कुणी त्याला न येणारं गणित घातलं होतं. सावलीत काहीतरी माझ्याकडे वळलं. डोकं असावं. चेहरा मी बघितला नाही, आणि बघितला असं आता मी म्हणणारही नाही.

मग तो हात वर आला. तळवा समोर.

थांब.

समर्थ थांबला. एक पाय हिरव्यावर, एक पाय काळ्यावर, हात पसरलेले. मी तळवा सावकाश खाली दाबला. बस. पुन्हा ते वाट बघणं. पुन्हा पाणी, नुसतं पाणी. पलीकडचा तळवा खाली आला आणि समर्थ होता तिथे बसला, दोन्ही हात खडकाला टेकून, तोंड भारल्यासारखं वर करून.

माझ्या शेजारून वारा गेल्यासारखा निरंजन गेला. त्याला कोणी सांगितलं, तेव्हा मला कळलं नाही. माझा हात उंचावलेला बघून तो उठला, असं तो नंतर म्हणाला, "तू आणि हात? काहीतरी भयंकरच झालं असणार." त्यानं पोटावर झोपून समर्थची कॉलर धरली आणि ओढला.

७

आम्ही सगळे सतरंजीपासून दूर, रस्त्याच्या अंगाला, जिथे पाण्याचा आवाज जरा पातळ होतो तिथे गोळा झालो. वर्षालीताईंनी समर्थला आधी एक चापट मारली आणि मग इतकं घट्ट धरलं की तो कोकलला.

"कुठं चालला होतास रे? सांगितलं होतं ना तिकडं जायचं नाही?"

"आजोबांनी बोलावलं म्हणून गेलो!"

"मी?" बाबांना त्याच्या ओठांवरून कळलं. "मी च्या पीत हुतो."

"तुम्ही नाही. तिकडचे आजोबा. आधी बोलावलं, मग तेच म्हणाले थांब. मग म्हणाले बस. मी सगळं ऐकलं त्यांचं." त्याला रडू फुटलं. "सगळं केलं, तरी मार!"

सगळ्यांनी वळून पलीकडे पाहिलं. मीही.

"कोणी नाही तिकडे," निरंजन म्हणाला.

"आहे की. ते काय, बसलंय," वर्षालीताई म्हणाल्या, आणि मग, "नाही गं. खडकच आहे तो. का कोण आहे?"

सासूबाई पलीकडे बघतच नव्हत्या. माझ्या फुटलेल्या गुडघ्याकडे बघत होत्या, आणि तिथून माझ्या हाताकडे. त्यांनी पाहिलं होतं. किती, कोण जाणे. पदराचं टोक त्यांनी पाण्यात बुडवून आणलं आणि माझ्या गुडघ्यावर दाबलं. झोंबलं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांना 'राहू द्या' म्हणाले नाही.

बाबा मात्र बघत राहिले. त्यांचे कान गेलेत, डोळे नाहीत. भट्टीच्या उजेडात लोखंडाचा रंग ओळखणारे डोळे. त्यांनी डोळ्यांवर हाताची सावली धरली.

"माणूस हाय," शेवटी ते म्हणाले. "भला माणूस हाय. पोराला थांबिवलं त्यानं."

"बाबा, चला आता," निरंजन त्यांच्या कानाशी ओरडला.

"आरं, आभार तरी मानू दे." आणि ते दोन पावलं परत पाण्याच्या बाजूला गेले.

मी पलीकडे बघितलं. नको होतं बघायला.

सावलीत एक हात हळूच डोक्याशी गेला आणि कानामागे केस सारल्यासारखा फिरला. मला काही कळेना. आमच्यात असं कोणी करत नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की माझा हात माझ्या कानाच्या दिशेनं निघालाय. वाऱ्यानं सुटलेली बट मागे सारायला. मी लहानपणापासून सारते तशी.

मी हात मध्येच आवळला. मूठ करून मांडीवर दाबला. बट डोळ्यांत आली तर येऊ दे. पलीकडचा हात कानापाशी तसाच राहिला, वाट बघत. मी केस सारले नाहीत. तो थांबला. मी सारले नाहीत. आणि पहिल्यांदाच तो हात चुकल्यासारखा, ओशाळल्यासारखा खाली गेला.

म्हणजे तो चुकू शकत होता. आपण केलं नाही तर त्याचं काही चालत नव्हतं.

पण बाबा उजवा हात उचलत होते. ती तीन बोटं, उन्हात, सलाम करायला. आणि पलीकडे सावलीत तीच तीन बोटं वर येऊन केव्हाची ताटकळत होती.

मी लंगडत गेले आणि सासऱ्यांचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी. मी, त्यांची सून, जिनं त्यांच्या पाया पडण्यापलीकडे त्यांना कधी शिवलं नव्हतं. मनगट जाड होतं, गरम होतं. ते दचकले. खाली माझ्याकडे पाहिलं. मागे कोणाच्या तरी हातातली ताटली खडकावर पडली, कारण सूनबाईनं बाबांचा हात धरला हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"काय गं?" बाबा म्हणाले.

मी पलीकडे पाठ केली. मग त्यांचा हात न सोडता त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं, आणि नदीवरून, त्यांच्या कानांवरून, मागे उभ्या सगळ्यांपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले. घसा फाटेल असं वाटलं. फाटला नाही.

"बाबा, हात खाली घ्या. तिकडं कोणीच हात करायचा नाही, आभाराचा नाही, निरोपाचाही नाही. आई, चहा राहू द्या. ताई, दिव्याला कडेवर घ्या. निरंजन, तू समर्थचा हात घर येईस्तोवर सोडू नकोस. आपण निघतोय. आपल्या सगळ्या खुणा त्याला आता येतात, म्हणून घरी गेल्यावरसुद्धा ज्याला ज्याला काही सांगायचंय त्यानं उठून जवळ यायचं आणि तोंडानं सांगायचं. बाबांना ऐकू नाही आलं तर दुसऱ्यांदा सांगायचं, तिसऱ्यांदा सांगायचं. कोणाला कंटाळा आला तर मला बोलवा, मी येऊन सांगेन!"